एकच गळती तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून: बांधकाम कंपनीतील ज्ञान व्यवस्थापन प्रमुखाचे काम

बाथरूमच्या सनकन स्लॅबमध्ये (पाइपांसाठी बाजूच्या फरशीपेक्षा खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये) नहाणी ट्रॅपभोवती (फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या मोरीभोवती) होणारी गळती ही इतकी जुनी तक्रार आहे की तिच्यावरचा उपाय माहीत नसलेला अभियंता पुण्यात शोधूनही सापडणार नाही. तरीही मी ज्या कंपनीत काम करत होतो तिथे ही गळती लागोपाठ तीन प्रकल्पांत, त्याच जागी आणि त्याच कारणाने झाली. स्लॅब भरण्याआधी पाइपसाठी स्लीव्ह (भोक राखणारी नळी) ठेवली गेली नव्हती, नंतर कोअर कटिंग करून, म्हणजे काँक्रीटला गोल भोक पाडून, पाइप घातला गेला आणि पाइप व काँक्रीट यांच्यामधल्या फटीतून पाणी खालच्या फ्लॅटच्या छतावर उतरले. पहिल्या प्रकल्पावरच्या साइट इंजिनिअरने उपाय नीट लिहून ठेवला होता. स्लीव्ह काँक्रीटच्या आधी बसवावी, वॉटरप्रूफिंगचा थर पाइपभोवती वर चढवावा, कोपऱ्यांना वाटा (गोलाई) करावा, सनकनच्या तळाशी साचणारे पाणी बाहेर काढणारा लहान स्पाउट द्यावा आणि ४८ तास पाणी भरून पाहिल्याशिवाय कोबा (फरशीखालचा भरावाचा थर) करू देऊ नये, असे त्याने ईमेलने कळवले होते. ते ईमेल तीन जणांना गेले. त्यांपैकी दोघे वर्षभरात नोकरी सोडून गेले आणि तिसरा मी होतो.

या चुकीचा खर्च आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि विकासक तो खर्च शेवटी वास्तुविशारद, स्ट्रक्चरल सल्लागार आणि ठेकेदार यांच्याकडे ढकलण्याचा प्रयत्न करतोच. म्हणून अनेक मध्यम आकाराच्या कंपन्यांत आता ‘ज्ञान व्यवस्थापन प्रमुख’ हे पद, म्हणजे एका कामातला धडा पुढच्या कामापर्यंत पोहोचवणारा माणूस, दिसू लागले आहे. त्या पदावर बसलेल्या किंवा ते निर्माण करू पाहणाऱ्या व्यक्तीसाठी हा लेख आहे.

पायरी १: पद नेमके कुठे बसवायचे

पहिली चूक बहुधा इथेच होते. हे काम आयटी विभागाकडे दिले की त्याचे सर्व्हर होते, मनुष्यबळ विभागाकडे दिले की प्रशिक्षणाचे वेळापत्रक होते आणि गुणवत्ता विभागाकडे दिले की ऑडिटच्या आदल्या आठवड्यात भरायच्या फाइली होतात. ज्ञान व्यवस्थापन प्रमुखाने थेट संचालकाला किंवा भागीदाराला उत्तरदायी असावे आणि त्याने किमान काही वर्षे साइटवर किंवा ड्रॉइंग टेबलवर काढलेली असावीत, कारण बार बेंडिंग शेड्यूल (सळया कशा वाकवायच्या याचा तक्ता) वाचता न येणाऱ्या माणसाला कोणता प्रश्न महत्त्वाचा आहे हे ओळखता येत नाही आणि साइटवरची माणसे त्याला खरे सांगतही नाहीत. साठ-सत्तर माणसांच्या कार्यालयात हे पूर्णवेळ पद असण्याची गरज नाही. पण ‘उरलेल्या वेळात’ करायचे काम म्हणून दिले, तर उरलेला वेळ कधीच उरत नाही. आठवड्यातले दोन ठरावीक दिवस टाइमशीटवर स्वतंत्र कोडसह मिळाले पाहिजेत.

संचालकांना पटवायचे असेल, तर नव्या संकल्पनांपेक्षा भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवावे. आयएसओ ९००१:२०१५ मधील कलम ७.१.६ हे संस्थेला लागणारे ज्ञान निश्चित करावे, ते टिकवावे आणि आवश्यक तिथे उपलब्ध करून द्यावे असे सांगते. म्हणजे प्रमाणपत्र घेतलेल्या प्रत्येक कंपनीने हे आधीच मान्य केलेले आहे. केवळ ज्ञान व्यवस्थापनासाठी आयएसओ ३०४०१ हे वेगळे मानक २०१८ मध्ये आले. ते वाचून ठेवावे, पण सुरुवातीला त्याच्या प्रमाणपत्रामागे लागू नये.

पायरी २: पहिले सहा आठवडे फक्त प्रश्न टिपायचे

मी स्वतः उलटे केले. पहिल्या वर्षी मी जवळपास चारशे कागदपत्रांचा एक सुंदर ‘ज्ञानकोश’ सर्व्हरवर उभा केला, त्याला रंगीत मुखपृष्ठ दिले आणि दिवाळीच्या आधी त्याचे उद्घाटनही केले. जानेवारीत नोंदी तपासल्या, तेव्हा त्या फोल्डरमध्ये सर्वाधिक वेळा उघडलेली फाइल सुट्ट्यांच्या यादीची होती, जी कोणीतरी चुकून तिथे ठेवली होती.

त्यापेक्षा एक साधी वही घ्यावी आणि कार्यालयात व साइटवर कोण कोणाला काय विचारतो ते लिहीत जावे. ‘पोडियमच्या एक्स्पान्शन जॉइंटचे डिटेल मागच्या वेळी कोणते दिले होते?’, ‘काळ्या मातीत प्लिंथखाली मुरूम किती भरायचा?’, ‘फायर एनओसीला हा जिना चालेल का?’ असे प्रश्न बैठकीत विचारले जात नाहीत. ते फोनवर, जिन्यात आणि चहाच्या टपरीवर विचारले जातात. सहा आठवड्यांनी प्रश्न विचारणाऱ्यापासून उत्तर देणाऱ्यापर्यंत बाण काढून एक नकाशा करावा. माझ्या नकाशात निम्म्याहून अधिक बाण तीन माणसांकडे जात होते आणि त्यांपैकी एकाची निवृत्ती चौदा महिन्यांवर आली होती. संचालकांनी माझे सादरीकरण अर्ध्यातच थांबवले आणि त्या नकाशाकडे बराच वेळ पाहिले.

पायरी ३: पाचच विषय निवडायचे

सगळे ज्ञान जपण्याचा प्रयत्न करू नये. प्रश्नांच्या वहीसोबत आणखी चार कागद शेजारी ठेवावेत: साइटकडून आलेल्या आरएफआयची (खुलासा मागणाऱ्या लेखी प्रश्नांची) नोंदवही, तोडफोड करून पुन्हा केलेल्या कामाची बिले, ताबा देतानाच्या स्नॅग (उरलेल्या दोषांच्या) याद्या आणि ठेकेदाराने मागितलेल्या एक्स्ट्रा आयटमचे दावे. जो विषय या पाचांपैकी तीन ठिकाणी दिसतो, तो घ्यावा. बहुतेक वेळा वॉटरप्रूफिंग, सेवांच्या पाइपांची बीममधून जाणारी वाट, दर्शनी भागाच्या क्लॅडिंगचे (बाहेरून लावलेल्या आवरणाचे) आधार, पाया आणि माती, व परवानग्यांचा क्रम हे विषय वर येतात. यात मनाला रुचणारा एखादा विषय मागे राहतो आणि त्याची हळहळ वाटते. ती सहन करावी.

पायरी ४: अनुभवी माणसाच्या हातातले ज्ञान कागदावर आणायचे

या कामाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी भाग हाच आहे, म्हणून इथे सावकाश जावे. निवृत्त होणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटले, तर तो नम्रपणे सामान्य गोष्टी सांगतो, कारण त्याच्या लेखी त्याचे खरे कौशल्य सांगण्यासारखे नसतेच. त्याला साइटवर न्यावे, हातात ड्रॉइंग द्यावे आणि ठरावीक प्रसंग विचारावेत: शेवटचा स्लॅब तुम्ही का थांबवला होता? काय पाहिल्यावर तुम्हाला शंका येते? नवा मुलगा इथे काय चुकेल?

आमच्याकडे सेंटरिंगचे (ओले काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याचे व टेकूंचे) काम पाहणारे एक ज्येष्ठ सुपरवायझर होते. स्लॅब भरायच्या दिवशी सकाळी ते हातोडी घेऊन खालून एकेक टेकू ठोकत जात. मी अनेक वर्षे ते पाहत होतो आणि तो त्यांचा शकुन असावा असे समजत होतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, बसलेला टेकू ठण्ण वाजतो. सैल असला तर आवाज बोदा येतो.”

“पण टेकू तर काल संध्याकाळीच घट्ट केले होते ना?”

“काल लोखंड कुठं चढलं होतं पूर्ण? लोखंड चढलं की एक टेकू खाली बसतो आणि शेजारचा मोकळा होतो. वरनं बघून नाही कळत. अन् पाचरीला खिळा मारलाय का ते पण हात लावूनच बघायचं.”

आमच्या सेंटरिंगच्या तपासणी यादीत ‘टेकू घट्ट आहेत’ असे एकच वाक्य होते आणि ते आदल्या संध्याकाळी टिक केले जात असे. या संभाषणानंतर त्याच्या जागी दोन ओळी आल्या: तपासणी सळई पूर्ण बांधून झाल्यावर आणि काँक्रीटच्या आधी त्याच सकाळी करायची, आणि प्रत्येक टेकू ठोकून व पाचरीचा खिळा हाताने पाहून मगच सही करायची. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमधून इतकेच निघाले, पण त्यासाठी तो अर्धा तास पुरेपूर लागला.

पद्धत म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. संभाषण त्या माणसाच्या भाषेत, म्हणजे मराठीत किंवा साइटवरच्या हिंदीत व्हावे. त्याचे लेखन ज्ञान व्यवस्थापन प्रमुखाने न करता दोन-तीन वर्षे अनुभवाच्या तरुण अभियंत्याने करावे, कारण त्याला जे कळत नाही तेच लिहून काढणे आवश्यक असते. आणि लिहिलेला मजकूर मूळ माणसाला वाचून दाखवावा. तो ज्या ठिकाणी ‘असं नाही हो’ म्हणतो, तिथेच बहुधा कामाची गोष्ट असते.

पायरी ५: आढावा प्रकल्प संपण्याची वाट न पाहता घ्यायचा

प्रकल्प संपल्यावर घेतलेल्या आढाव्याला निम्मी माणसे हजर नसतात आणि उरलेली दुसऱ्या प्रकल्पाच्या घाईत असतात. आढावा चार टप्प्यांवर घ्यावा: पाया पूर्ण झाल्यावर, पहिला टिपिकल (पुढच्या मजल्यांवर तसाच येणारा) स्लॅब झाल्यावर, ताबा दिल्यावर आणि पहिला पावसाळा उलटल्यावर. हा चौथा टप्पा परदेशी पुस्तकांत सापडत नाही, पण कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत बांधणाऱ्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

आढाव्याचे प्रश्न नव्याने शोधायचे कारण नाही. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात सरावांनंतर वापरायला सुरुवात केलेली पद्धत इथेही चालते: काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला आणि पुढच्या वेळी काय करायचे. खोलीत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल सल्लागार, साइट इंजिनिअर, खरेदी विभाग आणि प्लंबिंगचा ठेकेदार एकत्र असावेत. प्लंबरला बोलावले नाही म्हणूनच आमची गळती तिसऱ्यांदा झाली. स्लीव्हचा व्यास ड्रॉइंगमध्ये चुकीचा असल्यामुळे त्याची माणसे ती बसवतच नव्हती, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. वरिष्ठाने सर्वांत शेवटी बोलावे आणि ‘कोणामुळे’ हा शब्द टाळावा. बैठक एका तासात संपवावी.

दोष आणि दायित्व यांचे मुद्दे लवादात जाण्याची शक्यता असेल, तर टिपणात केवळ घडलेले तथ्य आणि बदललेली पद्धत नोंदवावी व त्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

पायरी ६: धडा नेहमीच्या कागदात उतरवायचा

आढाव्यातून तीनपेक्षा जास्त बदल बाहेर काढू नयेत, पण प्रत्येक बदलासमोर कागदाचे नाव, जबाबदार व्यक्ती आणि तारीख असावी. ‘समन्वय सुधारावा’ हा बदल नव्हे. ‘टॉयलेटच्या स्टँडर्ड डिटेलमध्ये स्लीव्हचा व्यास व जागा दाखवावी, बीओक्यूमध्ये (कामांची परिमाणे व दर यांच्या यादीत) स्लीव्हचा स्वतंत्र आयटम टाकावा, स्लॅब भरण्याच्या परवानगीपत्रकावर स्लीव्हची सही घ्यावी’ हे बदल आहेत. साइटवरचा माणूस धड्यांची फाइल उघडत नाही. तो ड्रॉइंग, बीओक्यू आणि चेकलिस्ट उघडतो, कारण त्याशिवाय त्याचे काम पुढे सरकत नाही. बीओक्यूमध्ये स्लीव्हला दर मिळाला, तेव्हा ठेकेदार ती आठवणीने बसवू लागला, कारण नाही बसवली तर त्याचे बिल कापले जात होते. माझ्या चारशे कागदांनी जे झाले नाही, ते बीओक्यूतल्या एका ओळीने झाले.

ज्ञान व्यवस्थापन प्रमुखाला म्हणूनच स्टँडर्ड डिटेल, कॅड आणि रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची लायब्ररी, तांत्रिक तपशीलपत्रे व चेकलिस्टचे नमुने बदलण्याचा अधिकार असला पाहिजे. तो नसेल, तर पद स्वीकारण्याआधी मागून घ्यावा.

पायरी ७: बाहेरच्या ज्ञानावर पहारा ठेवायचा

लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. गर्दी वाढताच तो आडवा डोलू लागला, लोकांची पावले तोल सावरताना नकळत त्या डोलण्याशी जुळत गेली आणि डोलणे आणखी वाढले. रचनाकार अरुप ही जगातल्या नामांकित अभियांत्रिकी कंपन्यांपैकी एक होती, आणि हा प्रकारही अगदी नवा नव्हता. १९७५ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड हार्बर पुलावर मोर्चाच्या वेळी तो दिसला होता आणि जपानमधल्या एका पादचारी पुलावरील निरीक्षणे फुजिनो व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली होती. पण तो निबंध भूकंप अभियांत्रिकीच्या नियतकालिकात होता आणि पादचारी पूल रचणाऱ्यांच्या टेबलावरच्या मानकांत त्याचा मागमूस नव्हता. अरुपने पुढे चाचण्या केल्या, पुलाला डॅम्पर (डोलणे शमवणारी उपकरणे) बसवले, फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला आणि मिळालेले निष्कर्ष कंपनीने जाहीरपणे मांडले. ज्ञान जगात असते, पण ते योग्य टेबलावर पोहोचतेच असे नाही. ते पोहोचवणे हे या पदाचे काम आहे.

आपल्याकडे रोजचा धोका याहून साधा आहे. काँक्रीटच्या मिश्रणाचे मानक आयएस १०२६२ हे २००९ नंतर २०१९ मध्ये बदलले. पूर्वी लक्ष्य ताकद (मिश्रण करताना गाठायची ताकद) काढताना ठरलेल्या ताकदीत प्रमाण विचलनाच्या (चाचण्यांतील चढ-उताराच्या मापाच्या) १.६५ पट मिळवत असत. आता ते उत्तर आणि ठरलेल्या ताकदीत एक निश्चित आकडा मिळवून येणारे उत्तर, यांपैकी मोठे घ्यावे लागते. एम २५ (२५ मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीट) साठी साइटचे विचलन ३ असेल, तर जुन्या रीतीने २९.९५ येते, नव्या मानकात मिळवायचा आकडा ५.५ असल्यामुळे ३०.५ घ्यावे लागते. फरक लहान आहे, पण कोणाच्या तरी लॅपटॉपवरची जुनी एक्सेल शीट तो कधीच दाखवत नाही. महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये लागू झाली आणि तिच्यात त्यानंतरही दुरुस्त्या झाल्या. एफएसआयचा (भूखंडावर किती बांधता येईल याच्या प्रमाणाचा) हिशेब चुकला, तर नुकसान अर्ध्या मेगापास्कलचे राहत नाही.

प्रत्येक मानकाला कार्यालयात एक पालक नेमावा. बदल आला की त्याने सात दिवसांत एका पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: काय बदलले, आपले कोणते नमुने जुने झाले आणि चालू असलेल्या कोणत्या प्रकल्पांना त्याची झळ बसते. जुनी शीट सर्व्हरवरून काढून टाकावी. ‘संदर्भासाठी’ ठेवली, की ती वापरली जाते.

पायरी ८: व्हॉट्सॲप, शोध आणि नावे

कंपनीचे सर्वांत ताजे ज्ञान व्हॉट्सॲप गटांत असते आणि मोबाइल बदलला की ते जाते. गट बंद करण्याचा फतवा काढू नये, तो कोणी पाळत नाही. दर शनिवारी एका कनिष्ठ अभियंत्याने गटांतले सोडवलेले प्रश्न, फोटो आणि उत्तरे उचलून विषयवार ठेवावीत, एवढे पुरते. सॉफ्टवेअर खरेदी पहिल्या वर्षी टाळावी. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी शोधसाधने मोहक आहेत, परंतु सर्व्हरवर एकाच टॉयलेटची सात डिटेल पडलेली असतील, तर ते साधन त्यांतले सर्वांत चुकीचेही तितक्याच आत्मविश्वासाने समोर ठेवते. आधी सातातली सहा काढावीत.

लोकांनी ज्ञान द्यावे म्हणून पैशाचे बक्षीस लावण्याचा मोह होतो. झेरॉक्स कंपनीत १९९० च्या दशकात दुरुस्ती तंत्रज्ञांसाठी एकमेकांचे उपाय नोंदवण्याची ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तिथे प्रत्येक उपायाखाली तो सुचवणाऱ्याचे नाव असे आणि ती व्यवस्था चालली ती त्या मानामुळे. आम्ही सेंटरिंगच्या चेकलिस्टच्या तळाशी त्या सुपरवायझरांचे नाव छापले. त्यांनी त्याची एक प्रत लॅमिनेट करून मागितली.

पायरी ९: मोजायचे काय

किती कागद जमले हे मोजू नये. तीन आकडे पुरेसे आहेत: आधी नोंदवलेला दोष पुन्हा किती वेळा झाला, साइटच्या प्रश्नाला उत्तर मिळायला किती तास लागले आणि नव्या प्रकल्पात किती डिटेल जशीच्या तशी वापरता आली. पहिल्या वर्षी पहिला आकडा वाढलेला दिसेल, कारण माणसे दोष नोंदवू लागलेली असतात; हे संचालकांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ते पद बंद करण्याची भाषा सुरू करतात.

हे आकडे कार्यालयात बसून भरू नयेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, भिंती अजून पुरत्या वाळलेल्या नसताना, ताबा दिलेल्या इमारतींत स्वतः जावे, स्टँडर्ड डिटेलची छापील प्रत सोबत न्यावी आणि बाथरूमच्या खालच्या फ्लॅटचे छत पाहावे. ओल दिसली, तर त्याच प्रतीवर पेन्सिलीने खूण करावी आणि कार्यालयात परतल्यावर आधी ते ड्रॉइंग उघडावे, ईमेल नंतर लिहावे.